‘द कळवण्स फार्मर्स’ चूक, मग ‘द गिरणाज वॉटर’ बरोबर कसं? इंग्रजीतल्या ‘द’चा घोळ सोप्या भाषेत समजून घ्या

वेबसाइटवरची बातमी दुरुस्त करता येते. मोबाइलवर गेलेला अलर्ट मात्र परत बोलावता येत नाही. डिजिटल डेस्कवर रुजू झालो त्या पहिल्याच पावसाळ्यात हा धडा मिळाला. माझ्याच तालुक्याची बातमी होती, पाऊस लांबलेला आणि शेतकरी वाट पाहत बसलेले. इंग्रजी अलर्ट मी लिहिला, ‘द कळवण्स फार्मर्स वेट फॉर रेन’, आणि बटण दाबलं.

दहा मिनिटांत फोन वाजला. शाळेतले इंग्रजीचे सर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण लाल शाईची सवय गेलेली नाही.

‘‘अरे, कळवणला ‘द’ कधीपासून लावायला लागलास? उद्या नाशिकला पण लावशील.’’

‘‘सर, विशिष्ट गोष्टीला ‘द’ लावायचं, तुम्हीच शिकवलं होतं.’’

‘‘हो ना. मग विशिष्ट कोण, कळवण की शेतकरी? आणि तू लावलेला ‘द’ कोणाला चिकटलाय?’’

याचं उत्तर तेव्हा मला देता आलं नाही. चार वर्षं इंजिनीअरिंगचे रिपोर्ट इंग्रजीत लिहिले होते. प्रत्येक रिपोर्टात कुठे ना कुठे ‘द ओहम्स लॉ’ असणार, आणि ते कुणी खोडलं नव्हतं.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे मागच्या आठवड्यात मावसबहिणीने रात्री अकरा वाजता पाठवलेला स्क्रीनशॉट. ती कळवणलाच राहते आणि नर्सिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होती. अर्जासोबत स्वतःबद्दल एक पानी इंग्रजी पत्र जोडायचं होतं आणि मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती. मोबाइलमधल्या व्याकरण तपासणाऱ्या अ‍ॅपने पत्रात जागोजागी निळ्या रेघा मारल्या होत्या. एका ठिकाणी ‘द’ काढा, दुसऱ्या ठिकाणी घाला. कारण कुठेच दिलेलं नव्हतं. खाली तिचा मेसेज : ‘‘दादा, नियम काय आहे? मैत्रीण म्हणते, अपॉस्ट्रॉफी एस आला की आर्टिकल काढून टाकायचं. मी सगळीकडे काढलं. तरी रेघा येताहेत.’’

मैत्रिणीने सांगितलेला नियम अर्धाच खरा होता, आणि या अर्ध्या नियमाने तिच्या पत्रातलं पहिलंच वाक्य बिघडवलं होतं. त्या वाक्याकडे नंतर येऊ.

एसटीतली एकच सीट

इंग्रजीत प्रत्येक नामाच्या पुढ्यात एक जागा राखीव असते, एसटीच्या खिडकीजवळच्या सीटसारखी. ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’, ‘धिस’, ‘दॅट’, ‘माय’, ‘युवर’, ‘हिज’ हे सगळे त्या एकाच सीटवर डोळा ठेवून असतात. ज्याचा रुमाल आधी पडला, तो बसला, बाकीच्यांनी उतरायचं. म्हणून ‘द बुक’ चालतं, ‘माय बुक’ चालतं, पण ‘द माय बुक’ चालत नाही. एका सीटवर दोघं होतात.

आता महत्त्वाचा भाग. ‘राम्स’ म्हणजे ‘रामाचं’ हेसुद्धा याच सीटचे प्रवासी आहेत. ‘राम्स बुक’ म्हटलं की सीट भरली. पुस्तक कोणतं, तर रामाचं. ते आपोआप ठरावीक झालं, त्याला वेगळ्या ‘द’ची गरज उरली नाही. म्हणून ‘द राम्स बुक’ चूक.

इथवर मैत्रिणीचा नियम बरोबर आहे. पण मग ‘द फार्मर्स बुक’ कसं चालतं? तिथे तर ‘द’ आहे आणि अपॉस्ट्रॉफी एसही आहे.

कारण तिथे ‘द’ पुस्तकाचा नाहीच, तो शेतकऱ्याचा आहे. आधी ‘द फार्मर’ म्हणजे ‘तो शेतकरी’ असं जोडपं तयार झालं, मग त्या अख्ख्या जोडप्याला अपॉस्ट्रॉफी एस लागला आणि दोघं मिळून पुस्तकाशेजारच्या एका सीटवर बसले. ‘द’ने स्वतःचं तिकीट काढलेलं नाही, तो फार्मरच्या कडेवर बसून आला आहे.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं. मालकीच्या शब्दाआधी आलेला ‘द’ सहसा मालकाला चिकटतो, वस्तूला नाही. मी विशिष्ट ठरवत होतो शेतकऱ्यांना, आणि ‘द’ जाऊन बसत होता कळवणवर. गावाच्या नावाला इंग्रजी ‘द’ लावत नाही, कारण जगात कळवण म्हटलं की कळवणच.

यावरून एक साधी चाचणी करता येते. अपॉस्ट्रॉफी एस आणि त्यापुढचं सगळं बोटाने झाकायचं. उरलेला तुकडा एकटा उभा राहतो का, ते पाहायचं. ‘द फार्मर’ राहतो, म्हणून ‘द फार्मर्स लँड’ बरोबर. ‘द कळवण’ राहत नाही, म्हणून ‘कळवण्स फार्मर्स’. ‘द टुडे’ असं कुणी म्हणत नाही, म्हणून ‘टुडेज मीटिंग’. ऑफिसच्या मेलमध्ये रोज दिसणारं ‘द टुडेज मीटिंग’ या चाचणीत नापास होतं. तसंच ‘लास्ट इयर्स रेन’. मात्र ‘द प्रीव्हियस इयर्स रेन’ बरोबर, कारण ‘प्रीव्हियस इयर’ला इंग्रजी ‘द’ लावतेच. अर्थ जवळपास तोच, पण एकाला ‘द’ हवा आणि दुसऱ्याला नको. यात तर्क शोधू नका, ‘लास्ट इयर’ची सवय तशी आहे.

गिरणेला ‘द’, कळवणला नाही

बहिणीच्या पत्रात एक वाक्य धरणावर होतं. आमच्या तालुक्यात ते असणारच. गिरणा याच भागातल्या सह्याद्रीत उगम पावते, चणकापूरला तिच्यावर धरण आहे, पुढे ती खानदेशात उतरून जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते. ‘गिरणेचं पाणी आमच्या शेतापर्यंत येतं’ असं तिला म्हणायचं होतं. आधी तिने ‘द गिरणाज वॉटर’ लिहिलं, मग मैत्रिणीच्या नियमाने ‘द’ खोडला.

खोडायला नको होता. इंग्रजीत नद्यांच्या नावांना ‘द’ लागतो : ‘द गंगा’, ‘द गोदावरी’, ‘द गिरणा’. बोटाने झाकून पाहा, ‘द गिरणा’ एकटी उभी राहते. म्हणून ‘द गिरणाज वॉटर’ बरोबर आणि ‘द कळवण्स वॉटर’ चूक. वाक्याची ठेवण एकच, फरक फक्त मालकाच्या स्वभावात आहे.

गडाचंही असंच. ‘सप्तशृंगीज टेंपल’ म्हणताना ‘द’ नको, कारण देवीच्या नावाला ‘द’ लागत नाही. पण ‘द सप्तशृंगी टेंपल’ म्हणताना हवा, कारण तिथे अपॉस्ट्रॉफी एस नाही. ‘सप्तशृंगी’ हा शब्द तिथे मालक म्हणून येत नाही, कोणतं मंदिर एवढंच सांगतो. राखीव सीट रिकामी राहते आणि मंदिराचा स्वतःचा ‘द’ तिथे येऊन बसतो. ‘द गॉडेसेस टेंपल’ म्हटलं तरी ‘द’ हवा, कारण ‘गॉडेस’ हे नाव नाही, सामान्य नाम आहे.

आमच्या डेस्कवर हा फरक दिवसातून दहा वेळा लागतो. ‘द चीफ मिनिस्टर ऑफ महाराष्ट्र’, ‘द महाराष्ट्र चीफ मिनिस्टर’ आणि ‘महाराष्ट्राज चीफ मिनिस्टर’ हे तिन्ही बरोबर. ‘द महाराष्ट्राज चीफ मिनिस्टर’ चूक. राज्यघटनेचंही तसंच. ‘द कॉन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया’ लिहा किंवा ‘इंडियाज कॉन्स्टिट्यूशन’, दोन्हींची खिचडी करू नका. माझ्या मते आपल्या बहुतेक चुका या खिचडीतून होतात. डोक्यात ‘ऑफ’वालं वाक्य तयार होत असतं, त्यातला ‘द’ आधीच टाइप होऊन जातो, मग जागा वाचवायला आपण अपॉस्ट्रॉफी एसवर उडी मारतो आणि ‘द’ काढायचा राहून जातो.

संस्थांच्या आद्याक्षरांचा एक पोटनियम आहे. जी अक्षरं सुटी उच्चारतो त्यांना साधारणपणे ‘द’ लागतो, म्हणून ‘द आरबीआयज डिसिजन’. जी एका शब्दासारखी वाचतो त्यांना लागत नाही, म्हणून ‘इस्रोज मिशन’, ‘नाबार्ड्स लोन’.

इंजिनीअरांची लाडकी चूक, आणि देवळालीचे कापरेकर

‘बाय युजिंग द ओहम्स लॉ’, ‘अकॉर्डिंग टू द न्यूटन्स थर्ड लॉ’. माझ्यासारख्या कित्येकांच्या जर्नलमध्ये ही वाक्यं सापडतील. ओहम आणि न्यूटन ही माणसांची नावं, ‘द’ लागणार नाही : ‘ओहम्स लॉ’, ‘न्यूटन्स थर्ड लॉ’. पण ‘द रामन इफेक्ट’ला ‘द’ लागतो, कारण तिथे अपॉस्ट्रॉफी एस नाही.

नाशिककरांना हे लक्षात ठेवायला घरचं उदाहरण आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे देवळालीतले शाळामास्तर. त्यांनी १९४९मध्ये ६१७४ या संख्येची गंमत शोधली. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा आणि येईल त्या उत्तराचं पुन्हा तेच करा. ४३२१ वजा १२३४ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. कुठूनही सुरुवात केली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ला येऊन थांबायला होतं. या संख्येला इंग्रजीत ‘कापरेकर्स कॉन्स्टंट’ म्हणतात किंवा ‘द कापरेकर कॉन्स्टंट’. ‘द कापरेकर्स कॉन्स्टंट’ म्हणत नाहीत. ‘द’ आणि ‘एस’ यांपैकी एकच.

(हे वाचताना मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडला असेल तर लाजू नका, मीही लिहिताना उघडला.)

आपणच का चुकतो?

मराठीत आर्टिकल नाही हे ठरलेलं उत्तर. ते खोटं नाही, पण मला अपुरं वाटतं. आर्टिकल नाही म्हणून आपण ‘द’ विसरलो असतो, तर समजण्यासारखं होतं. इथे तर आपण जास्तीचा घालतो.

आपल्या षष्ठीकडे बघा. ‘शेतकऱ्याचा बैल’, ‘शेतकऱ्याची मुलगी’, ‘शेतकऱ्याचं घर’. चा-ची-चं बदलतं ते पुढच्या वस्तूकडे बघून. मालक तोच असला तरी प्रत्यय बैलाच्या आणि मुलीच्या तालावर चालतो. कळवण-बागलाणच्या अहिराणीतही तसंच, फक्त ‘च’च्या जागी ‘न’ : ‘रामना बैल’, ‘रामनी गाय’. म्हणजे मालकीचं वाक्य बोलताना मराठी माणसाचं सगळं लक्ष वस्तूकडे असतं. मग ‘द’सुद्धा वस्तूचाच असणार असं आपण धरून चालतो. इंग्रजीत तो मागे वळून मालकाकडे बघतो, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

शिवाय मराठीत ‘माझं ते पुस्तक’, ‘रामाचा तो बैल’, ‘माझा एक मित्र’ हे सहज चालतं. आपल्या एसटीत त्या सीटवर दोघंतिघं दाटीवाटीने बसतात आणि कंडक्टर काही बोलत नाही. इंग्रजीत ‘माझा एक मित्र’ म्हणायचं तर ‘अ माय फ्रेंड’ होत नाही, ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ असा वळसा घालावा लागतो. ‘रामाचा एक मित्र’ म्हणजे ‘अ फ्रेंड ऑफ राम्स’. हा कडकपणा सगळ्या युरोपचा आहे असंही नाही. इटालियन लोक ‘माझं पुस्तक’ला ‘इल मिओ लिब्रो’ म्हणतात, शब्दशः ‘द माय बुक’. वडिलांना मात्र ते नुसतं ‘मिओ पाद्रे’ म्हणतात, तिथे ‘द’ गळतो.

खुद्द इंग्रजीही कायम आजच्यासारखी नव्हती. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत ‘द किंग्स क्राउन ऑफ इंग्लंड’ अशी मांडणी असायची, म्हणजे मालकीचं चिन्ह थेट राजाच्या अंगावर. पुढे ते सरकत अख्ख्या तुकड्याच्या शेवटी गेलं आणि ‘द किंग ऑफ इंग्लंड्स क्राउन’ झालं. मुकुट इंग्लंडचा नाही, राजाचा आहे, तरी चिन्ह इंग्लंडला लागलं. आज आपण ‘द कलेक्टर ऑफ नाशिक्स ऑर्डर’ म्हणतो तेव्हा हेच करतो.

महाराष्ट्रात जून २०००पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. रामकृष्ण मोरे तेव्हा शालेय शिक्षणमंत्री होते. त्याआधी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत भेटायचं आणि आधीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर घासून तयार झालेल्या. माझी पिढी पहिलीपासून इंग्रजी शिकलेली. तरी आर्टिकलचा धडा आमच्यापर्यंत एका ओळीत पोहोचला : विशिष्टला ‘द’. रामाचं पुस्तक विशिष्टच असतं, मग ‘द राम्स बुक’ लिहिणाऱ्या मुलाचा तर्क चुकलेला नाही. त्याला अर्धाच नियम दिला गेला. अशा मुलाला हसणाऱ्यांचा मला राग येतो.

आता त्या पहिल्या वाक्याकडे

बहिणीच्या पत्राची पहिली ओळ होती : ‘आय अ‍ॅम फार्मर्स डॉटर’. तिथे आधी ‘अ’ होता, तिने काढला, कारण एस आहे तिथे आर्टिकल नको. अ‍ॅपने तिथे ‘द’ सुचवला होता.

दोन्ही नकोत. बोटाने झाका, उरतं नुसतं ‘फार्मर’. मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत असं उघडंबोडकं उभं राहत नाही, त्याला काहीतरी हवंच. आणि ‘द फार्मर्स डॉटर’ म्हटलं की वाचणारा विचारेल, कोणता शेतकरी? जणू त्याची ओळख आधी कुठेतरी झालेली आहे. तिला म्हणायचं होतं, मी एका शेतकऱ्याची मुलगी आहे. म्हणजे ‘अ फार्मर्स डॉटर’. तिचं मूळ वाक्यच बरोबर होतं. नियम ऐकण्याआधी तिचा कान शाबूत होता.

याच पत्रात ‘अ विमेन्स सेल्फ हेल्प ग्रुप’ असंही होतं. आईच्या बचत गटाबद्दल. अ‍ॅप तिथे गप्प होतं, पण तिलाच शंका आली : ‘विमेन’ अनेकवचन, त्याच्या आधी ‘अ’ कसा? बोटाची चाचणी इथे खरंच फसते, ‘अ विमेन’ असं काही नसतं. पण हा प्रकारच वेगळा आहे. ‘विमेन्स’ इथे कुणाची मालकी सांगत नाही, गट कोणत्या प्रकारचा ते सांगतो. तो ग्रुपचं विशेषण झाला आहे आणि ‘अ’ थेट ग्रुपचा आहे. ‘अ चिल्ड्रन्स हॉस्पिटल’, ‘अ मास्टर्स डिग्री’, ‘द मेन्स हॉस्टेल’ याच घरातले. मराठीत बघितलं तर फरक लगेच कळतो. जिथे आपण ‘महिला बचत गट’, ‘बालरुग्णालय’ असं जोडून म्हणतो, तिथे बहुधा हा प्रकार असतो. जिथे चा-ची-चं लावतो, तिथे मालकी.

आणखी एक जागा राहिली, आडनावं. ‘पवार्स फार्म’ म्हणजे पवार नावाच्या एका माणसाचं शेत. ‘द पवार्स फार्म’ म्हणजे पवार कुटुंबाचं. आडनावाचं अनेकवचन करून ‘द’ लावला की अख्खं घर त्यात येतं, आणि मग अपॉस्ट्रॉफी एसच्या नंतर पडतो, आधी नाही. बोलताना हा फरक ऐकू येत नाही, कागदावरच दिसतो. देवनागरीत तर तोही दिसत नाही, म्हणून इथे शब्दांत सांगावं लागलं. ‘भावाचा हिस्सा’ आणि ‘भावांचा हिस्सा’ इंग्रजीत एका टिंबाएवढ्या चिन्हाच्या जागेवर ठरतात. बांधावरून भांडणं होणाऱ्या तालुक्यात एवढं तरी तपासून लिहावं. बहिणीने ‘माय ब्रदर्स फीज’ लिहिलं होतं. तिला भाऊ दोन आहेत आणि चिन्ह एका भावापुरतं पडलं होतं. अ‍ॅपला हे कळण्याचा मार्गच नव्हता, घरात किती भाऊ आहेत ते त्याला कुठे माहीत?

रात्री साडेबाराला पत्र पूर्ण झालं. तिने एकदा सगळं मोठ्याने वाचून व्हॉइस नोट पाठवली. शेवटची निळी रेघ ‘द गिरणाज वॉटर’खाली होती, अ‍ॅप अजूनही ‘द’ काढा म्हणत होतं. स्क्रीनशॉटवर तिने लिहिलं, ‘‘हे राहू देते’’, आणि सूचना बाजूला सरकवली.